स्टीलचं घड्याळ, काचेच्या बांगड्या

आईने काउंटरवरचं घड्याळ उचललं, कानाजवळ धरलं आणि त्याला नखाने टिचकी मारली. मग दुसरं उचललं. त्यालाही टिचकी. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. स्मार्टवॉच घ्यायला आलेली माणसं त्याने स्क्रीनवर बोट फिरवताना पाहिली असतील, मनगट वळवून आरशात बघताना पाहिली असतील. घड्याळ पातेल्यासारखं वाजवून घेणारी बाई त्याच्या दुकानात पहिलीच असावी.

मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या फोपनारच्या घरात जेवढी भांडी आली तेवढी सगळी अशीच वाजवून आली. आवाज खणखणीत आला तर घ्यायचं, बद्द आला तर ठेवून द्यायचं. आईचा या बाबतीत स्वतःच्या कानावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या बी.एस्सी.वर कधीच नव्हता.

आईला घड्याळ कशाला हवं होतं, ते आधी सांगते. मी तिची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात आले, इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. आई आणि वडील, म्हणजे आबा, फोपनारला, केळीच्या बागेत. त्या वर्षी आई बागेत दोनदा पडली. दोन्ही वेळा एकटी होती. केळीच्या बागेत माणूस पडलं तर चार हातांवरून जाणाऱ्यालाही दिसत नाही, इतकी ती पानं दाट. "डोयापुढे अंधारी आली, बसली मी जराशी," एवढंच ती सांगायची. जराशी बसली म्हणे! दुसऱ्या वेळी कपाळाला टेंगूळ होतं आणि साडीला केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. तो चीक जन्मात निघत नाही. तिला टेंगळापेक्षा साडीचंच दुःख जास्त.

डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून पाहिली, ती चांगली आली. एक दिवस छातीला मशीन लावून ठेवलं, त्या दिवशी बाईसाहेब ठणठणीत. "चक्कर के वक्त दिल क्या कर रहा है, वो दिखना चाहिए," डॉक्टर म्हणाले. हृदय मध्येच मंदावत असेल तर त्यावर उपाय आहे, पण ते दिसल्याशिवाय करायचं काय? आणि न दिसता एखाद्या दिवशी विहिरीच्या काठाशी अंधारी आली तर? हे त्यांनी म्हटलं नाही. ते माझ्या मनात आलं आणि तिथून हललंच नाही. घड्याळ म्हणजे दवाखान्याचं मशीन नव्हे, हे त्यांनी बजावून सांगितलं, पण ते सदा हातात असतं, कधीतरी काही सापडेल, असंही म्हणाले. म्हणून आम्ही त्या दुकानात होतो.

आतली यंत्रं जवळपास सारखीच होती. फरक होता तो बाहेरच्या डबीत. प्लास्टिक, ॲल्युमिनियम, स्टील आणि टायटॅनियम. दुकानदाराने माझ्या एका तळहातावर स्टीलचं ठेवलं, दुसऱ्यावर तेवढंच टायटॅनियमचं. "दीदी, डोळे बंद करून बघा. फरक समजेल." मी डोळे मिटले आणि खरंच थक्क झाले. आकार तोच, आणि एक हात जणू रिकामाच. "हवाई जहाजात हेच लागते. स्टीलपेक्षा हल्का, आणि पक्का एकदम." दगडातून काढलेला एक पदार्थ, इतका हलका आणि इतका चिवट. वर्गात मी धातूंची कोष्टकं किती वेळा फळ्यावर लिहिली असतील, पण धातू असा हातावर बसून कधी बोलला नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं, आईला हेच.

आईने ते घेतलं, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "हे तं जर्मलचं वाटते व."

ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. आईच्या स्वयंपाकघरात धातूंची जातपात फार कडक आहे. पितळ आणि तांबं देवाधर्माचं. स्टील घरंदाज, लेकीच्या लग्नात नाव घालून द्यायचं. जर्मल म्हणजे गुरांच्या आंबोणाचं, अंघोळीचं पाणी तापवायचं. आणि प्लास्टिक तर भांड्यांत धरतच नाहीत.

"आई, हे जर्मल नाही. हे विमानाला लावतात."

"मंग इमानाले लाव ना. मले कायले?"

दुकानदार हसू दाबत खाली वाकला. मी चिडले. मी लवकर चिडते, आणि आईवर तर सगळ्यात लवकर. पण तिने जे घातलंच नाही ते घड्याळ काय कामाचं? तिने स्टीलचं उचललं, टिचकी मारली, मान हलवली. टण्‌ असा बारीक, स्वच्छ आवाज आला. तिच्या मते प्रश्न मिटला होता.

मग मनगटावर बांधायची वेळ आली. आईच्या दोन्ही हातांत कोपराकडे सरकतील इतक्या हिरव्या काचेच्या बांगड्या. दुकानदार भाबडेपणाने म्हणाला, "आंटी, एका हाथातल्या चूड्या काढून टाका ना." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळूनच बसला. मी एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात दोन बांगड्या घालून फिरते. पण आईच्या गावात सवाष्णीचा हात रिकामा दिसला की बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येते. नव्या बांगड्या भरताना जुन्या उतरवायच्या तरी एक हातात ठेवूनच. शेवटी आम्ही डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या आणि त्यांच्याखाली घड्याळ बांधलं.

खालच्या बाजूला हिरवा उजेड लुकलुकला. "हे काय चमकते?" मी समजावलं की हा उजेड कातडीतून आत जातो, आत रक्ताची लाट आली की त्यातला थोडा रक्तात मुरतो, लाट ओसरली की तो परत येतो, आणि त्यावरून हे ठोके मोजतं. समजावता समजावता मलाच आश्चर्य वाटायला लागलं. स्क्रीनवर आकडा उमटला. आईने उजवा हात छातीवर ठेवला, डावा डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ दोन्हीकडचं ताडून पाहत राहिली.

"माह्या काळजातलं याले मनगटावर कसं समजते?" ती अगदी हळू म्हणाली. चेष्टा नव्हती. इच्छापूरच्या देवीसमोर ती उभी राहते तशी उभी होती.

घड्याळ आबांच्या फोनला जोडलं, आणि तिथले ठोके माझ्या फोनवर दिसतील अशी व्यवस्था केली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगितलं तर माझे विद्यार्थी हसतील. शाळेत मधल्या सुट्टीत मी फोन काढायची आणि राजपुऱ्यात बसून फोपनारच्या आईचं हृदय बघायची. पहाटे कोंबडा आरवायच्या आत आकडा वर चढायचा, म्हणजे आई उठली, आता अंगण झाडते आहे. मग एकदम उंच, म्हणजे पाण्याचा हंडा डोक्यावर आहे. आबांचा डबा घेऊन बागेत निघाली की एक लांब चढण. ज्या बाईच्या पोटात मी तिचे ठोके ऐकत वाढले, तिचे ठोके इतक्या वर्षांनी परत माझ्याजवळ आले होते. हे वाक्य जरा जास्तच झालं, माहीत आहे. पण मला तेव्हा अगदी असंच वाटायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं.

काही दिवसांनी त्या रेषेत फरक पडला. पहाटेची चढण नाहीशी झाली. आता आकडा चांगलं उजाडेपर्यंत खाली असायचा. दुपारी जेवणानंतर पुन्हा खाली, मस्त झोप. चारच्या सुमारास थोडा वर. मला इतका आनंद झाला! म्हटलं, डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलं बाईने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आई दुपारी झोपायला लागली. मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, "घड्याळाने आईला आराम शिकवला बघ." फोनवर आईला विचारलं, घड्याळ घालतेस ना? "हो व, हातातच हाये ते," ती म्हणाली.

आणि मग एका सकाळी शाळेची प्रार्थना चालू असताना माझा फोन थरथरला. हृदयाचे ठोके अनियमित आढळले आहेत, असा निरोप होता. पुन्हा पुन्हा आढळले आहेत. मी सुट्टी टाकून तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रेषा मोठी करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये तो मैं जो सोच रहा था वो नहीं है. ये दूसरी चीज़ है. मां जी को आज ही लेके आओ." अशा बेताल ठोक्यांत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं, असं त्यांनी सांगितलं. फोपनारच्या रस्त्याला स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. रस्ताभर एकच चाललं होतं मनात, आई उठू नको, आई झोपून राहा.

अंगणात शिरले तर समोरून आई येत होती, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन.

"हंडा खाली ठेव!" मी अशी किंचाळले की शेजारची म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली.

आईने शांतपणे हंडा उतरवला, पदराने मान पुसली. "काय झालं व? शाळा नाही का आज?" तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरभरून होत्या. डाव्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

"घड्याळ कुठे आहे?" मी विचारलं.

आईने हनुवटीने पडवीकडे दाखवलं. तिथे खाटेवर आबा बसले होते, चहाची बशी तोंडाला लावून. त्यांच्या मनगटावर माझं स्टीलचं घड्याळ चकाकत होतं. आबांनी माझ्याकडे पाहून चोरी पकडल्यासारखं हसून घेतलं.

मी आईवर तुटून पडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती मध्ये एकदाच बोलली, पण जे बोलली ते पहिल्यापासून तिला पुरतं पटलेलं होतं. झालं होतं असं: कपडे धुताना ओला कपडा पिळला आणि वरच्या बांगड्या घसरून स्टीलच्या कडेवर आपटल्या. एक बांगडी वाढली. आमच्याकडे सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुसऱ्या दिवशी घागर उचलताना आणखी एक. दोन्ही त्याच हातातल्या.

"सांग बरं आता, बांगड्या कोनाच्या नावाच्या? तुह्या आबाईच्या ना? मंग संकट त्याईच्यावर हाये. आन मी आपल्याच हाताले घडी बांधून माहंच काळीज पाहत बसू? ज्याच्या जिवाले धोका हाये त्याच्या हातात पाह्यजे ना ते? म्हनून देल्ली त्याईले."

"आई, स्टीलवर काच आपटली की फुटणारच! त्याचा आबांच्या जिवाशी काय..."

आणि बोलता बोलता मला उमगलं. फोनमधली रेषा आईची नव्हती. उजाडेपर्यंतची झोप आबांची होती. दुपारची डुलकी आबांची होती, चारचा पारावरचा फेरा आबांचा होता. आणि सकाळपासून पुन्हा पुन्हा अडखळत होतं ते काळीज समोर खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होतं. आबांना ना चक्कर, ना धाप. आयुष्यात ते डॉक्टरकडे गेले होते ते फक्त आईला घेऊन.

अंगणात उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला. तो अजूनही येतो.

आबांना त्याच दुपारी बुऱ्हाणपूरला आणलं. पट्टी काढली, आणि निदान तेच निघालं. रक्त पातळ राहायची गोळी सुरू झाली, ठोके ताळ्यावर आणायची दुसरी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना हे अर्धांगाचा झटका आल्यावरच कळतं. "आपको शक कैसे हुआ?" त्यांनी विचारलं. आई पुढे सरकून म्हणाली, "बांगडीनं सांगलं." डॉक्टरांनी पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे लिहायला लागले.

मी विज्ञान शिकवते. माझ्याकडे प्रत्येक पायरीचं उत्तर आहे. काच ठिसूळ, स्टीलची कड कठीण, पिळताना हात वळला म्हणजे बांगडी तिथेच पडणार. त्या वयात कित्येकांचे ठोके असे बेताल असतात, आबांच्या जागी शेजारचे काका असते तर त्यांचेही सापडले असते. टायटॅनियम घेतलं असतं तरी बांगडी फुटलीच असती, हेही मी मनात तपासून पाहिलं. सगळी उत्तरं बरोबर आहेत. तरी ती सगळी एका रांगेत उभी केली की मी त्यांच्यासमोर लहान पोरीसारखी आ वासून उभी राहते. आणि बांगडीपेक्षाही मला थक्क करतं ते आईचं. दोनदा तोंडावर आपटलेली बाई, जिच्यासाठी हे सगळं रामायण केलं. पण धोका कुणाला, असा प्रश्न आल्यावर तिने एक क्षणही स्वतःचं नाव घेतलं नाही.

पण त्यामुळे माझी मूळची काळजी होती तिथेच राहिली. आईची अंधारी अजून कुणाला दिसली नव्हती. आबांचं आता कळलं होतं, औषध चालू होतं. घड्याळ आईच्या हातात परत जायला हवं होतं, आणि आई ते चिमट्यानेही धरायला तयार नव्हती. मी दुसरं आणते म्हटलं, प्लास्टिकचं, हलकं, गोल कडेचं. "प्लास्टिकवर नाही वाढनार याची ग्यारंटी देते का दुकानवाला?" ती म्हणाली. ग्यारंटी कोण देणार! बांगड्यांना आपटेल असं काहीही तिला नको होतं. पुढे तिची अंधारी याच स्टीलच्या घड्याळाने पकडली. बागेत, एका सकाळी, ठोके मंदावत मंदावत गेलेले स्पष्ट दिसले. इंदूरला नेलं, पेसमेकर बसवला, आता ती बागेतून येते आणि मलाच दम देते. ते सगळं ठीक झालं. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, घड्याळ तिच्या हातात कसं गेलं ते.

दवाखान्यातून आल्यानंतरच्या रविवारी मी फोपनारला गेले होते. आई आणि मी पडवीत बसून पुन्हा त्याच विषयावर भांडत होतो. आबा उठले. त्यांनी न्हाणीतून साबणाची वडी आणली, मग तांब्यात पाणी भरून आणलं. आबांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरलेला मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून मी बोलता बोलता थांबले. ते आईसमोर खाली बसले आणि म्हणाले, "हात दे."

"कायले?"

"दे म्हनतो ना."

त्यांनी तिचा डावा हात ओढून घेतला आणि त्याला साबण लावायला सुरुवात केली. आईला कळलं तशी तिने मूठ घट्ट आवळली. "नको. भलतं काही करू नका तुम्ही. लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईले सांग, मी काढल्या. मी जिता हाये अजून, ज्याले विचारायचं त्यानं मले विचारावं." आबा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "तू माह्यासाठी बांगड्या घालते ना? मंग मीच सांगतो, या हाताले नको. मले तू पाह्यजे."

आईची मूठ उघडली. ती लगेच उघडली नाही, पण उघडली. आबांनी एकेक बांगडी फिरवत, साबणाच्या फेसावरून सावकाश उतरवली, एकही वाढू दिली नाही. प्रत्येक बांगडी धोतराच्या सोग्याला पुसून ते खाटेवर ठेवत होते. मी कोपऱ्यात होते. बायकोच्या हातातल्या बांगड्या नवऱ्याने स्वतः, जिवंतपणी उतरवलेल्या मी ना पाहिल्या होत्या, ना ऐकल्या होत्या. शेवटची निघाली आणि आईचं मनगट उघडं पडलं. इतकी वर्षं बांगड्यांखाली झाकलेली ती कातडी बाकीच्या हातापेक्षा खूप उजळ होती. आई तिकडे बघत नव्हती. ती आबांच्या तोंडाकडे बघत होती.

आबांनी आपल्या हातातलं घड्याळ सोडलं आणि तिच्या मनगटावर ठेवलं. पट्ट्याची कडी त्यांना लागेना. मी पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. बऱ्याच खटपटीनंतर ती बसली. खालून हिरवा उजेड लुकलुकला, आकडा उमटला. चष्मा नसल्यामुळे आबांना तो वाचता आला नसणार. तरी ते आईचं मनगट हातात धरून तसेच बसले, माझ्यासमोर, आणि आईने ते सोडवून घेतलं नाही. मी तांब्या उचलला आणि आत गेले.